पळायची बाबागाडी

बेळगावातल्या अनगोळच्या त्या दोन खोल्यांच्या घरात नीलमला सगळं मिळत होतं, फक्त झोप मिळत नव्हती. साईराजला दात येत होते आणि दात येणारं पोर म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. रात्री चारदा उठायचं, चारदा पाजायचं, चारदा खांद्यावर टाकून खोलीत फेऱ्या मारायच्या. पाचव्यांदा डोळा लागला न लागला तोवर दूधवाल्याची घंटा. नवरा स्वरूप उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर. तो भिंतीकडं तोंड करून असा झोपायचा की शेजारी बँडबाजा वाजवला तरी कूस बदलायचा नाही.

तरी नीलमचं एक बरं चाललं होतं. माहेराहून बाळंतपण आटपून ती आली, तेव्हा खानापूरपलीकडच्या गावाहून सासू मालुबाई येऊन राहिली होती. उजाडता उजाडता नीलम साईराजला पोटभर पाजायची, मालुबाईच्या मांडीवर द्यायची आणि बूट घालून पळायला जायची. अर्धा तास. कॉलेजात असताना ही पोरगी पाच हजार मीटर पळायची, बक्षिसं आणायची. आता पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, पळणं कसलं, जलद चालणंच म्हणा. पण त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारत नव्हतं. अगं नाही, वहिनी नाही, आई नाही. बाकीचे साडेतेवीस तास ती सगळ्यांची होती, तेवढा अर्धा तास तिचा तिचा होता. त्याच्या जोरावर ती दिवस ढकलायची.

आता असं सुखानं चाललेलं बघवेल तर ते शेजारी कसले! खालच्या मजल्यावरची मंगल एक दिवस जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काय गं नीलम, पोरगं वर रडतंय आणि तू रस्त्यानं उड्या मारत चाललीयास? बरं दिसतंय व्हय?" म्हणाली हसत हसतच. पण नीलमला ते काट्यासारखं लागलं. मालुबाईनंही एकदा बोलून दाखवलं होतं, "पळून आल्यावर लगेच पाजू नको गं, दूध तापलेलं असतंय." आणि परत आल्यावर मालुबाई दाराकडं डोळे लावून बसलेली दिसायची, तेही नीलमला खुपायचं. म्हातारीला आपला भार होतोय. तोंडानं म्हणत नाही, पण होतोय.

अशात तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्या तरी देशातली बाई, पुढं तीन चाकांची गाडी, गाडीत गुबगुबीत पोर, आणि बाई झकास पळतीय. नीलमला वाटलं, सापडलं! पोर आपल्याजवळ, मंगलचं तोंड बंद, सासूच्या मांडीला विसावा आणि आपलं पळणंही चालू. डोकं चालवलं बाईनं. डोकं चालवलं आणि तिथंच फसली, पण ते तिला पुढं कळायचं होतं.

मग सुरू झाली गाडीची निवड. स्वरूप म्हणाला, "खडे बाजारात ढिगानं मिळतात बाबागाड्या, घेऊन टाकू एक." गेले दोघं. दुकानदारानं रंगीबेरंगी गाडी पुढं ढकलली. वर छत्री, पुढं खुळखुळा, बशीएवढी चाकं. नीलमनं विचारलं, "पळायला चालती का ही? पुढचं चाक लॉक होतं?"

"लॉक कशाला मॅडम?" दुकानदार म्हणाला. "कोण चोरून नेतंय!"

स्वरूप खो खो हसला. नीलम नाही हसली. एव्हाना तिला सगळं पाठ झालं होतं. साध्या बाबागाडीचं पुढचं चाक गरगर फिरतं. पळताना एखाद्या खड्यावर ते आडवं झालं की गाडी पोरासकट पालथी. म्हणून ते चाक सरळ घट्ट करता आलं पाहिजे. चाकं मोठी आणि हवा भरलेली पाहिजेत, नाहीतर आपल्या रस्त्यांवर पोराचा खुळखुळा व्हायचा. उताराला हातात ब्रेक पाहिजे. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाच पट्टे पाहिजेत. आणि दांडीला एक पट्टा, तो आपल्या मनगटात घालायचा, म्हणजे हात सुटला तरी गाडी सुटत नाही. डॉक्टरीणबाईंनी वर आणखी एक अट घातली होती, पोर आपलं आपण बसायला लागून मान पक्की धरेपर्यंत गाडीत घालून पळायचं नाही. नीलम थांबली. साईराज बसायला लागला, आठवा महिना सरला, तोवर तिनं एवढ्या गाड्या बघितल्या की स्वरूप म्हणाला, "माझ्यासाठी पोरगी बघताना आमच्या घरच्यांनी एवढं बघितलं नव्हतं गं."

शेवटी कोल्हापूरचं एक जोडपं मिळालं. परदेशातून परत आलेलं, पोर मोठं झालेलं, गाडी विकायची होती. ते इतक्या लांब यायला तयार नव्हते, स्वरूपला कोल्हापुरात शिरायचं नव्हतं. मधेच, कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीला नाक्याजवळ भेटायचं ठरलं. साईराजला मालुबाईकडं ठेवला आणि निघताना नीलमनं घरचा तांदूळ एका पिशवीत भरून घेतला, बरोबर साईराजच्या वजनाचा. "हे कशाला?" स्वरूपनं विचारलं. "बघाच," ती म्हणाली.

नाक्यापलीकडं बाजूच्या रस्त्यावर तिनं ती पिशवी गाडीत बसवली, पाचही पट्टे आवळले, मनगटात पट्टा घातला आणि सुटली. ट्रकवाले माना वळवून बघायला लागले. गाडी सरळ चालते का, एका हातानं वळते का, ब्रेक लागतो का, सगळं बघत ती दोनदा गेली आणि आली. तोवर एक पोलीस डुलत डुलत आला. "एन्री इदु?" हे काय आहे म्हणून त्यानं कानडीत विचारलं. स्वरूपनं सांगितलं, "कूसिन गाडी री." बाळाची गाडी. पोलिसानं छत्रीखाली वाकून बघितलं. "कूसु एल्लि?" बाळ कुठंय? आत पट्ट्यांत जखडलेला तांदूळ! सगळेच हसले. परत येताना नीलम कारच्या मागच्या सीटवर गाडीच्या दांडीवर डोकं टेकून निपाणीपासून बेळगावपर्यंत झोपली. कित्येक दिवसांनी ती अशी झोपली होती.

गाडी आली ती बरोबर खंडेनवमीच्या तोंडावर. मग काय विचारता! स्वरूपची मोटारसायकल, घरातली जुनी कार आणि तिसरी ही बाबागाडी, अंगणात रांगेनं उभ्या. मालुबाईनं तिन्हींना हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. बाबागाडीच्या तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली आणि स्वरूपला म्हणाली, "ढकल." लिंबं फुटली, साईराज टाळ्या पिटायला लागला. मालुबाई त्या दिवशी एवढी खुशीत होती की मंगललाही तिनं आग्रह करून दुसऱ्यांदा खीर वाढली. नीलमला वाटलं, नातवाला वाहन आलं म्हणून आजी हरखलीय.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मालुबाईनं पिशवी भरली.

"आत्या, हे काय?" नीलम म्हणाली.

"जाते आता बाई. भात पिकाय आलंय. तुझ्या मामंजींनी किती दिस हातानं भाकरी थापायची? आणि आता काय, गाडी हाय की तुझ्याजवळ. पोरगं तुझ्यासंगं. माझं काय काम?"

गेली. नीलम साईराजला कडेवर घेऊन रिक्षा वळेपर्यंत दारात उभी राहिली.

मग सुरू झालं गाडी घेऊन पळणं. लोक विचारायचे, कसं वाटतं? काय सांगणार! उजाडायच्या आत उठायचं. साईराजला पाजायचं, लंगोट बदलायचा, टोपरं, स्वेटर, मोजे. तिसऱ्या मजल्यावरून आधी गाडी खाली न्यायची, मग वर येऊन पोर न्यायचं, मग पोराची बाटली राहिली म्हणून पुन्हा वर. पाच पट्टे लावताना साईराज धनुष्यासारखा वाकायचा. रेल्वे गेटावर हमखास मालगाडी. मालगाडी गेली की रुळांवरून गाडी उचलून पलीकडं घ्यायची. तीन चाकांवरनं पळणारं हे काय प्रकरण म्हणून गल्लीतली कुत्री मागं लागायची, ती वेगळीच. व्हॅक्सिन डेपो म्हणतात त्या झाडीतल्या मैदानावर पोचेपर्यंत नीलमचा जीव मेटाकुटीला यायचा.

आणि तिथं पोचल्यावर पळायला मिळेल तर शपथ. सकाळी फिरायला येणारी सगळी मंडळी मायाळू. "अगं बाई, गोड आहे गं!" "थंडीत कशाला आणतीस?" "मोजा पडला बघ मागं." "हे धक्के सोसतात का बाळाला?" निवृत्त हेडमास्तर नागेंद्र सर तर रोज थांबवून सांगायचे, आमच्या वेळी असं काही नव्हतं. नव्हतं तर नव्हतं सर, आता बाजूला व्हा, असं तिच्या जिभेवर यायचं आणि ती "हो ना सर" म्हणायची. जरा वेग धरला की साईराज रडायचा. थांबली की हसायचा. गाडीचा दोष नव्हता हो, गाडी लोण्यासारखी चालत होती. पण ज्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारत नव्हतं, तो अर्धा तास आता हाकांनीच भरून गेला होता.

आणि हे तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. एवढं बघून, एवढं पारखून. स्वतःचा अर्धा तास तिनं पाच पट्ट्यांनी गाडीत बांधला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. या विचारानं तिला एकदा मैदानातच रडू फुटलं. गाडी कडेला घेऊन ती ओढणीत तोंड खुपसून रडली. साईराज तिच्याकडं टकामका बघत राहिला.

स्वरूपला तिनं सांगितलं. "अहो, मला जमत नाही हे. एक दिवसाआड तुम्ही न्या त्याला."

"मी?" स्वरूप म्हणाला. "बाबागाडी ढकलत? फौंड्रीतली निम्मी माणसं तिकडं फिरायला येतात गं."

"येऊ देत की."

बरीच कुरकुर करून एका रविवारी तो आला. गाडी त्यानं ढकलली, नीलम बाजूनं चालली. आणि काय सांगू तुम्हाला, मैदानात जणू मिरवणूक आली! नागेंद्र सरांनी पाठ थोपटली. "शाब्बास! याला म्हणतात आजचा बाप!" बायकांनी नीलमला सांगितलं, नशीब काढलंस पोरी. कुणी फोटो काढला आणि घरी पोचायच्या आत तो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलासुद्धा, खाली पन्नास अंगठे. महिनाभर तीच गाडी तेच पोर घेऊन नीलम ढकलत होती, तेव्हा मोजा पडला म्हणून सांगणारी हीच माणसं! स्वरूप दिवसभर फोन बघून गालात हसत होता. रात्री जेवताना म्हणाला, "एवढं काही अवघड नाही गं ते." नीलमनं ताटातला भात चिवडला आणि ताट उचललं. भांडायचं म्हटलं तरी अंगात ताकद लागते.

पुढच्या रविवारी स्वरूपला उठवलं तर म्हणाला, आठवडाभर राबतोय, एक दिवस झोपू दे.

राबत होता, खोटं नाही. भट्टीपुढचं काम, संध्याकाळी डोळे लाल करून यायचा. म्हणूनच तर नीलमला त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं. तिनं ठरवलं, आत्यांनाच आणायचं. पाया पडू, भात निघाल्यावर या म्हणू, हवं तर मामंजींनाही आणू. एका शनिवारी गाडी घरीच ठेवून, साईराजला कडेवर घेऊन ती खानापूरला जाणाऱ्या रेल्वेत बसली.

मालुबाई खळ्यावर होती. भात झोडपून झालेलं, अंगभर कुसळं. नातवाला बघून पदर झटकत धावत आली, पटापट मुके घेतले, "वाळलं गं माझं सोनं" म्हणाली. सासरे रवळू आप्पा बैलांना पाणी दाखवत होते, ते लांबूनच हसले. दुपारी जेवणं झाली, साईराज आजीच्या मांडीवर झोपला, तेव्हा नीलमनं विषय काढला. सगळं सांगितलं. मालगाडी, कुत्री, सर, फोटो.

"आत्या, तुम्ही चला. तुम्हाला त्रास होतो म्हणून मी गाडी आणली, आणि सगळंच गेलं बघा. मला तेवढा अर्धा तास पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी."

मालुबाईनं साईराजच्या जावळातून बोटं फिरवली.

"मी न्हाय येत," ती म्हणाली.

नीलमनं मान वर केली.

"रागावू नको. तुझ्यावर माझा राग न्हाय. पर खरं सांगते. गाडी आली तवा मी नारळ फोडला, त्यो माझी सुटका झाली म्हणून फोडला. चार पोरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं, दिराची पोरं केली. आता कुटं सकाळचा च्या घेऊन मी ह्या पायरीवर बसतीय. कोंबडी बघते, आभाळ बघते. कुणी काय मागत न्हाय. हेच्यासाठी साठ वर्सं गेली गं."

"मला वाटलं..." नीलम म्हणाली.

"तू पळाय जायचीस, तवा मी दाराकडं बघत बसायची. कवा येती, कवा येती. बोलली न्हाय, कारण तुला बी जायाच पायजे हुतं, ते मला दिसत हुतं. पर आतल्या खोलीत स्वरूप घोरत हुता. तुला ऐकू येत हुतं, मला बी ऐकू येत हुतं. आपण दोघींनी मिळून त्येला कवा उठवला न्हाय." मालुबाईनं साईराजला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तुझा अर्धा तास माझ्यातनं जात हुता, नीलम. त्येच्यातनं कवा गेलाच न्हाय."

 नीलमला मालुबाईचा राग आला, स्वतःचा आला, मग कुणाचाच आला नाही. ती नुसती दमली होती. सासूच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि मालुबाईनं तिला उठवलं नाही.

घरी परतल्यावर सोमवारी ती नेहमीसारखी अंधारातच उठली. रात्र वाईटच गेली होती, अंग ठणकत होतं. साईराजला पाजलं, कोरडं केलं, जाड दुपट्ट्यात घेतलं आणि स्वरूपच्या कुशीत नेऊन ठेवलं. मग दिवा लावला.

"अहो. उठा. पोर धरा."

"अं? काय झालं?" स्वरूपनं एक डोळा उघडला. "गाडी घेऊन जा की."

"गाडी दाराशी आहे. न्यायची तर तुम्ही न्या, नसेल न्यायची तर घरात बसा. आजपासून हा अर्धा तास तुमचा. मी निघाले."

"अगं, त्याला माझ्याजवळ राहायची सवय नाही..."

"होईल सवय. मला तरी कुठं होती?"

तो उठून बसेपर्यंत तिनं बूट हातात घेतले होते. दार ओढून घेतलं आणि जिना उतरली. खालच्या पायरीवर बसून नाड्या बांधत होती, तोच वर सुरू झालं. आधी कुरकुर, मग हुंदका, मग सगळी गल्ली उठवणारं रडणं. नीलमचे हात थांबले. छातीत दूध भरून आलं, ओढणीखाली ओलं झालं. आता वर गेलं तर एका मिनिटात गप्प होईल, हे तिला ठाऊक होतं. आणि आता वर गेलं तर पुन्हा कधी खाली येता येणार नाही, हेही ठाऊक होतं.

मंगलचं दार उघडलं. "नीलम! अगं, बाळ रडतंय की तुझं!"

"व्हय," नीलम म्हणाली. "त्याचा बाप आहे घरात."

नीलमनं दुसरी नाडी आवळली, फाटक उघडलं आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. वरचं रडणं आणखी चढलं, खोकला आल्यासारखं झालं आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

मग ते थांबलं. साईराजला कुणीतरी उचलून घेतलं होतं, आणि त्या घरात स्वरूपशिवाय दुसरं कुणीही नव्हतं.

नीलम पळायला लागली.